खाल्लेलं अंगी कुठे लागतं?

आपल्याकडे दुसऱ्याच्या अंगाबद्दल बोलायला परवानगी लागत नाही. सुट्टीनंतर कॉलेजात आलेल्या मुलीला पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सांगतंच, "जाड झालीस गं!" किंवा "काय गं, घरी जेवायला देत नाहीत का?" लग्नात, बारशाला, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात, सगळीकडे हेच. भोपाळच्या हिंदीत "सेहत बन गई" म्हणतात, आम्ही मराठीत "तब्येत सुधारली" म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच, वजन वाढलं. आणि तीच तब्येत थोडी जास्त 'सुधारली' की माणूस एकदम सुटलेला, हावरट आणि आळशी ठरतो. मधली जागा फार थोडी आहे.

या सगळ्या बोलण्याखाली दोन समजुती आहेत. एक, जाड माणूस स्वतःच्या खादाडपणामुळे जाड असतो. दोन, बारीक माणसाला आजाराची भीती नसते. माझं म्हणणं असं आहे की दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, त्या चुकीच्या आहेत हे माहीत होऊन आता बरीच वर्षं झाली आहेत, आणि दुसरी समजूत मोडायला सगळ्यात मोठा हातभार पुण्यातल्या एका डॉक्टरांनी लावला आहे. तरी आपली भाषा जागची हललेली नाही. साहित्य मंडळाच्या अंकात चरबीवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर एवढंच की या विषयात सगळ्यात जास्त दुखापत शब्दांनी होते, आणि शब्द हा आपला विषय आहे.

'चरबी' हाच शब्द घ्या. "त्याला चरबी आलीय" म्हणजे तो माजलाय. "चरबी उतरवतो तुझी" ही धमकी आहे. मराठीत चरबी हा पदार्थ कमी आणि आरोप जास्त आहे. विज्ञानही बराच काळ चरबीला फारसं मानानं वागवत नव्हतं. चरबी म्हणजे कोठार. जास्तीचं अन्न आलं की भरायचं, कमी पडलं की काढायचं. कोठाराला कुठे काय बोलता येतं?

ते बोलतं, हे कळायला उंदीर लागले. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९५० मध्ये एका विलक्षण लठ्ठ उंदराच्या वाणाची नोंद झाली. हे उंदीर थांबतच नसत, खात राहत. पुढे तिथेच आणखी एक लठ्ठ वाण सापडला, त्याला मधुमेहही होत असे. डग्लस कोलमन या संशोधकानं दोन दोन उंदरांचं रक्त एकमेकांत फिरेल अशी जोडणी शस्त्रक्रियेनं केली. लठ्ठ मधुमेही उंदीर साध्या उंदराला जोडला तर साधा उंदीर खाणं सोडून देई आणि उपाशी मरे. तोच मधुमेही उंदीर पहिल्या वाणाच्या लठ्ठ उंदराला जोडला, तर तो लठ्ठ उंदीरही खाणं सोडे. म्हणजे मधुमेही उंदराच्या रक्तात "आता पुरे" असा निरोप भरपूर होता, फक्त त्याला स्वतःला तो ऐकू येत नव्हता. आणि पहिल्या वाणाला निरोप ऐकू येत होता, पण त्याच्या शरीरात तो तयारच होत नव्हता. कोलमननी हे १९७० च्या आसपास मांडलं. निरोप कोणता, हे मात्र वीसेक वर्षं कुणाला सापडलं नाही.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचा जनुक शोधला. त्या हार्मोनला नाव दिलं लेप्टिन, ग्रीक भाषेतल्या 'बारीक' या अर्थाच्या शब्दावरून. आणि तो तयार होतो कुठे, तर चरबीच्याच पेशींत. चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त. ते रक्तातून मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात जातं आणि सांगतं की साठा पुरेसा आहे, आता भूक आवर. ज्याला आपण मुकं कोठार समजत होतो ते रोज मेंदूला हिशेब पाठवत होतं. पुढे चरबीचे आणखी हार्मोन सापडले. त्यातलं ॲडिपोनेक्टिन हे इन्सुलिनचं काम सोपं करतं, आणि गंमत म्हणजे चरबी वाढली की ते कमी होतं. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना जठरातून निघणारं घ्रेलिन सापडलं, ते उलट भूक वाढवतं. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

१९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटानं दोन चुलत भावंडांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ वर्षांची मुलगी, वजन ८६ किलो. दोन वर्षांचा मुलगा, वजन २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पोट कितीही भरलं तरी त्यांच्या मेंदूला उपासमारीचीच बातमी पोचत होती. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर अशा मुलांची भूक सर्वसामान्य झाली, वजन उतरलं. आता विचार करा, त्याआधी त्या घराकडे शेजारीपाजारी काय नजरेनं बघत असतील. "आईबापांना कळत नाही का? पोरांच्या हातात सतत खाऊ!" तुम्ही आम्हीही तेच म्हटलं असतं.

इथे मला आपल्या व्याकरणाबद्दल एक सांगायचं आहे. मराठीत "मी भुकतो" असं कुणी म्हणत नाही. "मला भूक लागते" म्हणतात. झोप येते, तहान लागते, थंडी वाजते, शिंक येते, तशीच भूक लागते. त्या वाक्यात कर्ता भूक आहे, मी नाही. माझ्यावर ती येऊन आदळते. भाषेनं हे कधीच ओळखलेलं आहे की भूक ही माझी करणी नव्हे. पण लगेच पुढच्या वाक्यात आपण "त्याने हावरटासारखं खाल्लं" म्हणतो आणि माणसाला कर्त्याच्या खुर्चीत बसवून त्याच्यावर खटला भरतो. खाणं ही कृती माणसाचीच, हे कबूल. पण ज्याला भूक वेगळी लागते त्याच्या खाण्याचा न्याय आपल्या भुकेच्या मापानं करणं हा न्याय नव्हे.

इच्छाशक्तीची गोष्ट तशीच. "मनावर घेतलं की होतं" हे वाक्य ज्यांनी कधी वजन कमी केलं नाही तेच जास्त बोलतात. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला. वजन उतरलं. वर्षभरानं पुन्हा तपासलं तेव्हाही लेप्टिन खाली आणि घ्रेलिन वर, आणि भूक आधीपेक्षा जास्त. शरीराच्या दृष्टीनं वजन कमी होणं म्हणजे दुष्काळ. शरीर दुष्काळ विसरत नाही. आपल्या घरांतून गेली काही वर्षं 'दीक्षित की दिवेकर' हा वाद चाललाय, दिवसातून दोनदा जेवायचं की थोडं थोडं अनेकदा. दोन्हीकडची माणसं सुरुवातीला उतरलेल्या किलोंचे फोटो टाकतात. दोन वर्षांनंतरचा फोटो कुणी टाकत नाही, आणि त्याची लाज त्या माणसाला एकट्यालाच सोसावी लागते.

कॅथलिक म्हणून मला एक प्रश्न टाळता येत नाही. आमच्या धर्मशिक्षणात सात मुख्य पापांच्या यादीत खादाडपणा आहे. मग हार्मोनची ही सगळी गोष्ट म्हणजे पापाला पळवाट का? मला तसं वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचा विचार केला तेव्हा वजनकाटा कुठे मध्ये आणलेला नाही. फार लवकर, फार महागाचं, फार प्रमाणात, फार अधाशीपणे, फार चोखंदळपणे खाणं, असे त्याचे प्रकार त्यांनी आधीच्या परंपरेतून घेतले. म्हणजे पाप असलं तर ते वासनेच्या बेशिस्तीत आहे. बारीक माणूसही खादाड असू शकतो आणि जाड माणूस संयमी. इथल्या हिंदी मिस्सात ज्याला चालीसा म्हणतात त्या उपवासकाळात राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी उपवास बंधनकारक असतो, पण आजारी माणसं आणि गरोदर स्त्रिया यांना त्यातून सूट असते. ज्यानं हा नियम केला त्याला एवढं कळत होतं की सगळ्यांची शरीरं सारखी नसतात, आणि पोटातल्या जिवाचा उपवास आईनं करायचा नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पुण्याकडे येऊ. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत आले आहेत. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या रुग्णांसारखे नव्हते. वयानं तरुण, आणि पुस्तकातल्या मापानं लठ्ठही नाहीत. मग यांना मधुमेह का? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर त्या काळात मांडत होते की हृदयविकार आणि मधुमेह यांची मुळं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत जातात. याज्ञिकांनी १९९३ मध्ये साउदॅम्प्टनच्या सहकाऱ्यांबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायची, गरोदरपणात त्या काय खातात, काय काम करतात ते लिहायचं, मूल जन्मलं की मोजायचं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या मुलांमागे राहायचं. सुमारे ८०० गरोदरपणं या अभ्यासात होती. या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं.

त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. इथपर्यंत नवल काही नाही, भारतीय बाळ लहान असतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण मोजमापं घेताना दिसलं की पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर तिथली चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. याज्ञिकांनी याला नाव दिलं 'थिन-फॅट' बाळ. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. लंडनच्या बाळांशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात नाळेतलं रक्त तपासलं. वजन लक्षात घेतलं तर पुण्याच्या बाळांत इन्सुलिन आणि लेप्टिन दोन्ही जास्त निघाले. ज्या मुलानं अजून आईचं दूधसुद्धा प्यायलेलं नाही त्याच्या रक्तात पन्नाशीतल्या आजाराची पहिली चिन्हं. आता सांगा, या बाळाची इच्छाशक्ती कुठे कमी पडली?

आपल्याकडे आजी म्हणते, "याला खाल्लेलं अंगी लागत नाही." याज्ञिकांचं काम वाचल्यावर मला वाटतं, लागतं, पण कुठे लागतं ते बघायला हवं. गरोदरपणात अन्न कमी आलं तर गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायूंवर, स्वादुपिंडावर, मूत्रपिंडावर काटकसर करतो. कातडीखाली चरबी साठवायची जागाही मर्यादितच राहते. पुढे आयुष्यात अन्न वाढलं की जास्तीची चरबी पोटात, यकृतात, स्नायूंत जाऊन बसते, आणि तिथली चरबी जास्त घातक. म्हणून सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही फक्त पोट सुटलेलं असलं तर धोका असतो.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पुस्तकाप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण यंत्रानं मोजलं तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. खाली त्यांनी गमतीनं लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत गाठणं. मग गंभीरपणे हेही की याज्ञिक स्वतः जन्मतः कमी वजनाचे होते. स्वतःच्या शरीराचा दाखला देऊन आपल्याच शास्त्राचं माप अपुरं आहे हे दाखवणारा डॉक्टर मला फार आवडतो. भारतीयांसाठी आता बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हा असं सांगतात, आणि पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत ठेवा म्हणतात, ते अशाच संशोधनामुळे.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्यात तर प्रौढांपैकी २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. मी राहते त्या बाग सेवनियाला लागून साकेत नगरात एम्स आहे. बाहेरच्या रस्त्यावर हातात फाइल घेऊन चालणारी माणसं रोज दिसतात. त्यांतली कितीतरी काटक, शेतात राबलेली, हाडं मोजता येतील अशी. "एवढा बारीक, याला कशी शुगर?" हा प्रश्न इथे रिक्षात, मेडिकलच्या दुकानात, पोह्याच्या ठेल्यावर ऐकू येतो. याज्ञिकांनी तीस वर्षांपूर्वी तोच प्रश्न विचारला आणि त्याचा माग काढत ते एका गावातल्या चुलीपर्यंत पोचले.

माझ्या लेखाचा खरा मुद्दा त्या चुलीपाशी आहे. पुण्याच्या अभ्यासात असं दिसलं की आई नुसत्या किती कॅलरी खाते यापेक्षा ती पालेभाज्या, फळं आणि दूध किती खाते याचा बाळाच्या वाढीशी संबंध आहे. डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. त्यांनी गरोदर बायकांची कामंही नोंदवली. विहिरीवरून पाणी आणणं, धुणं धुणं, शेतातली कामं. कष्ट जास्त तिथे बाळ लहान. आणि दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं जास्त दिसली.

आता आपल्या घरातली पंगत आठवा. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुणे राहिले असतील तर ते, आणि शेवटी जिनं रांधलं ती. दूध संपलेलं, भाजीचा रस्सा उरलेला, भाकरी आहे. पोटाला चिमटा घेऊन संसार करणाऱ्या बाईचं आपण साहित्यात किती कौतुक केलं आहे! आईच्या त्यागावर कविता नसलेला एकही कॉलेज अंक मी पाहिलेला नाही. शेवटी जेवणारी आई हे आपलं सगळ्यात लाडकं चित्र. पण विज्ञान सांगतंय की त्या त्यागाचा हिशेब तिच्यापाशी संपत नाही. तो पुढच्या पिढीच्या स्वादुपिंडावर लिहिला जातो. एनएफएचएस-५ नुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्ताक्षय आहे. त्याच पाहणीत २४ टक्के बायका जादा वजनाच्या आहेत. दोन्ही आकडे एकाच देशातले, कितीदा एकाच घरातले, आणि थिन-फॅटची गोष्ट कळली की लक्षात येतं, एकाच शरीरातलेही असू शकतात.

इथे एक धोका आहे आणि तो मला स्पष्ट सांगायचाय. "तू गरोदरपणी नीट खाल्लं नाहीस म्हणून मुलाला शुगर" असं आता आयांना ऐकवलं जाईल. म्हणजे जाड माणसावरचा आरोप उचलून बाईवर टाकायचा. या संशोधनाचा असा अर्थ काढणं म्हणजे ते उलटं वाचणं. जिच्या वाट्याला शेवटचं ताट येतं तिला दोष देण्याआधी ताटं वाढण्याचा क्रम कुणी ठरवला ते विचारा. याज्ञिकांच्या गटानं २०१२ मध्ये त्याच गावांत पुढचा प्रयोग सुरू केला, त्यात किशोरवयीन मुलींबरोबर मुलांनाही बी-१२ दिलं. होणाऱ्या बापाचं पोषणही मोजायचं असतं हे आपल्या घरांत अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

सरकारचा भाग वेगळा. महाराष्ट्रात २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण अंगणवाडीतच वाढायचं, म्हणजे ते घरी जाऊन वाटलं जात नाही. कल्पना मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिला पंगतीचं राजकारण कळलेलं आहे. त्याच वर्षी आमच्या मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडी द्यायला सरकारनं नकार दिला. बी-१२ वनस्पतीत मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. कुणी काय खावं हे सांगायचा मला अधिकार नाही आणि ज्यांना अंडं नको त्यांना भरपूर दूध द्या. पण ज्या घरांत अंडं चालतं त्या घरातल्या मुलाला ते नाकारताना आपण कुणाच्या पावित्र्याची किंमत कुणाच्या शरीरातून वसूल करतोय, एवढं तरी बघावं.

माझ्या मैत्रिणींशी यावर बोलले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की "सगळं हार्मोनवर आणि आईच्या पोटावर ढकललं तर माणूस समोसा सोडेल कशाला?" आक्षेप खरा आहे. जन्मतः थिन-फॅट असलेल्या प्रत्येकाला मधुमेह होत नाही. दिल्लीत सुमारे दीड हजार माणसांचा जन्मापासून अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे मधुमेह झाला ती मुलं पहिली दोन वर्षं बारीक होती आणि नंतर त्यांचं वजन भराभर वाढत गेलं होतं. म्हणजे पोटात उपासमार आणि पुढे चंगळ, ही जोडी घातक. आपण लहान बाळ बारीक म्हणून घाबरतो, मग त्याला बिस्किटं, साखर, तूप कोंबून 'गुटगुटीत' करतो आणि कौतुक करतो. चालणं, खेळणं, कमी साखर, जेवणात डाळ आणि भाजी, हे सगळं हातात आहे आणि केलंच पाहिजे. पण हातात जे आहे ते करायला सांगणं वेगळं आणि जे हातात नव्हतं त्याबद्दल हिणवणं वेगळं. हिणवून कुणाचं लेप्टिन सुधारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

दुसरा आक्षेप, "आता इंजेक्शनं आलीत की!" आलीत. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये. आतड्यातल्या भूक आवरणाऱ्या हार्मोनची ती नक्कल करतात आणि वजन खरंच कमी होतं. ज्याला गरज आहे त्यानं डॉक्टरांना विचारून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण लेप्टिनचा इतिहास विसरू नये. १९९५ मध्ये लेप्टिन दिल्यावर उंदीर बारीक झाले तेव्हा लठ्ठपणा संपलाच असं वातावरण होतं. एका औषध कंपनीनं हक्कांसाठी दोन कोटी डॉलर दिले. नंतर कळलं की बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. अगदी थोड्या दुर्मीळ रुग्णांनाच त्याचा उपयोग झाला. आताची औषधं त्याहून कितीतरी चांगली आहेत, पण इंजेक्शन चाळिशीतल्या, पैसे असलेल्या माणसापर्यंत पोचतं. सहा गावांतल्या ४२ किलोच्या आईपर्यंत त्याचं काहीच जात नाही, आणि तिला इंजेक्शन नकोच आहे. तिला दूध, भाजी, विश्रांती आणि पहिल्या पंगतीत जागा हवी आहे.

मग आपण, विशीतली मुलंमुली, काय करू शकतो? तीन गोष्टी मला सुचतात. एक, दुसऱ्याच्या अंगावर शेरा मारायचा नाही, कौतुकाचासुद्धा. "बारीक झालीस, मस्त!" हे वाक्य जिला आपण म्हणतो ती कदाचित आजारी असते, कदाचित उपाशी. दोन, आपण बारीक आहोत म्हणून निश्चिंत राहायचं नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर पोटाचा घेर मोजा, आणि हिमोग्लोबिन, बी-१२, साखर यांची तपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारा. मुलींनी तर विचाराच. डाएटच्या नावाखाली नाश्ता टाळून चहावर दिवस काढणाऱ्या कितीजणी आपल्या होस्टेलात आणि पीजीत आहेत ते आपल्याला माहीत आहे. पुढे मूल होवो न होवो, ते शरीर आधी तिचं स्वतःचं आहे. तीन, घरी गेलात की सगळे एकदम जेवायला बसा. आईनं "तुम्ही बसा, मी नंतर" म्हटलं तर भांडा. एक पोळी गार झाली तरी चालेल.

आणि लिहिणाऱ्यांना एक वेगळी विनंती. पुढच्या अंकासाठी आईवर कविता येतील, दरवर्षी येतात. त्यात ती शेवटी जेवताना दाखवायची असेल तर जरूर दाखवा, पण तिला देवी करू नका. तिला भूक लागलेली असते, आणि ताटात काय उरलंय ते तिला वाढताना आधीच माहीत असतं.